सातबाऱ्यावरची रेघ आणि सरकणारी पुळण : एका नागपूरकर गटाच्या वाडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण कोकणातील एका पुळणीचे, म्हणजे वाळूच्या समुद्रकिनाऱ्याचे, आहे. मात्र त्यातले जवळजवळ सगळे निर्णय नागपुरात बसून घेतले गेले. २०१७ च्या मे महिन्यात नागपुरातील चार कुटुंबांनी मिळून समुद्रालगतची एक नारळाची वाडी विकत घेतली. चौघेही शेतकरी खातेदार असल्यामुळे खरेदीत अडचण आली नाही. एक जण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता, दुसऱ्यांची काटोलकडे संत्र्याची बाग, तिसरे डॉक्टर आणि चौथे सनदी लेखापाल. गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी या गटाचा सभासद नाही. भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे अभियंता साहेबांच्या ओळखीतून मला सल्ल्यासाठी बोलावले गेले, आणि पुढची चार वर्षे मी या प्रकरणात राहिलो.

वाडी समुद्राच्या बाजूने सुमारे ऐंशी मीटर रुंद आणि आत सव्वाशे मीटर खोल आहे. पुढे वाळूची दीड पुरुष उंच टेकडी, तिच्यावर सुरूची एक रांग, मागे नारळ, आणि अगदी मागच्या कुंपणाजवळ जांभ्या दगडाचे जुने कौलारू घर. गावातलेच एक राखणदार पिढ्यान्‌पिढ्या ही वाडी सांभाळत आले आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. टेकडी आणि नारळ यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, खिडकीतून समुद्र दिसेल अशी चार छोटी घरे बांधायची, असा गटाचा बेत होता.

पुळण कोकणातल्या कितीतरी पुळणींसारखीच आहे. दोन्ही टोकांना समुद्रात घुसलेली भूशिरे, त्यांच्या माथ्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे पठार, आणि पायथ्याशी काळा कातळ, उत्तरेकडच्या भूशिराला लागून खाडीचे मुख. अशा पुळणीच्या वाळूचा हिशेब बराचसा बंदिस्त असतो. खाडी जी वाळू आणून टाकते आणि शंखशिंपल्यांचा जो चुरा होतो तेवढीच जमा. उधाणात खोल पाण्यात गेलेली आणि माणसाने उपसून नेलेली वाळू ही वजाबाकी. नदीवर धरण झाले किंवा खाडीत उपसा वाढला की जमेची बाजू आटते, आणि त्याचा परिणाम पुळणीवर दिसायला काही वर्षे जावी लागतात.

अडचण

२०१८ मध्ये उत्तरेकडच्या शेजाऱ्यांनी आपल्या हद्दीत समुद्राच्या बाजूने काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घातला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अण्णांनी व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाठवले : वाळूच्या टेकडीचा समोरचा उतार नाहीसा होऊन तेथे उभा कडा तयार झाला होता, त्यातून सुरूची मुळे लोंबत होती आणि दोन झाडे पुळणीवर आडवी पडली होती. सोबत निरोप होता, ‘घाबरू नकात, पावसात गेलली वाळू दिवाळेनंतर परत येता.’

त्या वर्षी ती आली नाही. ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या अमावास्येच्या तोंडावर, अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठले. अमावास्येची मोठी भरती आणि वादळाच्या लाटा एकत्र आल्या आणि पाणी टेकडीच्या पायथ्यावरून वर चढले. पाठोपाठ नोव्हेंबरात महा नावाचे दुसरे वादळ आले. दोन्ही वादळे कोकणच्या जमिनीवर आली नाहीत, परंतु वाळू परत येण्याच्या नेमक्या दिवसांत समुद्र खवळलेलाच राहिला. नोव्हेंबरच्या मध्यास अभियंता साहेब स्वतः जाऊन आले ते काळजीतच. डॉक्टरांनी तोवर संगणकावर उपग्रहाची दोन जुनी-नवी चित्रे शेजारी ठेवून पाण्याच्या कडेमधले अंतर मोजले होते. ते तीस मीटर भरले. चारच दिवसांत एका ठेकेदाराचे अंदाजपत्रकही आले : शेजाऱ्यांच्या बंधाऱ्याला जोडून, वाडीच्या पूर्ण रुंदीभर दगडी भिंत, आणि काम मेअखेरीस संपवायचे तर होकार डिसेंबरात हवा.

तीस मीटरांचा हिशेब

मला बोलावले गेले ते या टप्प्यावर. मी पहिल्यांदा त्या दोन चित्रांच्या तारखा आणि वेळा विचारल्या. पहिले चित्र एप्रिलचे, सकाळच्या ओहोटीचे. दुसरे सप्टेंबरचे, भरतीच्या सुमाराचे. त्या पुळणीचा उतार साधारण वीसास एक आहे, म्हणजे वीस मीटर चालले की एक मीटर चढ. पाण्याची पातळी दीड मीटरने वेगळी असेल, तर तेवढ्यानेच पाण्याची कड तीस मीटर मागे-पुढे दिसते. दक्षिण कोकणात मोठ्या भरती-ओहोटीतला फरक याहून जास्त असतो. डॉक्टरांनी मोजलेले अंतर बरोबर होते. ते जमीन गेल्याचे मात्र नव्हते, पाणी चढल्याचे होते.

ही चूक हास्यास्पद वाटेल, पण ती फार वेळा होते आणि शिकलेल्या माणसांकडून होते. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना काठ म्हणजे रेघ अशीच सवय असते. नागपूरकराला ओळखीचे काठ फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा या तलावांचे. तेथे पाणी वर्षाकाठी थोडे चढते-उतरते, काठाची माती मात्र जागच्या जागी राहते. सातबारा आणि मोजणीचा नकाशाही रेघच दाखवतात. समुद्रकिनारा हा पट्टा असतो, आणि तो वर्षभरात रुंद-अरुंद होत राहतो. पावसाळ्यातल्या उंच, एकामागून एक येणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून जरा खोल पाण्यात नेतात आणि तेथे तिचा बांध घालतात. त्या बांधावर पुढच्या लाटा फुटतात, म्हणजे गेलेली वाळूच उरलेल्या किनाऱ्याची राखण करते. पाऊस सरला की लांब, सपाट लाटा तीच वाळू कणाकणाने परत आणून टाकतात. त्यामुळे पुळण मे महिन्यात सर्वांत भरलेली आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वांत खंगलेली दिसते. गटाने वाडी मे महिन्यात पाहून घेतली होती.

मग मोजायचे काय? पाण्याची कड सोडून टेकडीचा पायथा धरायचा, जेथून मर्यादवेल सुरू होते. या वेलीचे नावच तिचे काम सांगते. जांभळ्या फुलांची, बकऱ्याच्या खुरासारख्या दुभंगलेल्या पानांची ही वेल नेहमीच्या भरतीच्या वर पसरते, आणि तिची समुद्राकडची टोके कुठे संपतात ते पाहिले की नेहमीचे पाणी कुठवर येते याचा बऱ्यापैकी अंदाज लागतो. याच खुणेवरून जुनी चित्रे पुन्हा मोजली, तेव्हा दोन वर्षांत पायथा सुमारे चार मीटर मागे आला होता आणि त्यातला बहुतेक भाग एकट्या २०१९ मधला होता. त्याहून बोलकी गोष्ट अशी की वाडीच्या दक्षिण कोपऱ्यात हा फरक जेमतेम दोन मीटर, तर शेजाऱ्यांच्या बंधाऱ्याला लागून असलेल्या उत्तर कोपऱ्यात सात मीटर होता.

पर्याय आणि त्यांवरील वाद

डिसेंबरमध्ये धरमपेठेत डॉक्टरांच्या घरी बैठक झाली. ती तीन तास चालली आणि त्यातले दोन तास भिंतीवरच गेले.

अभियंता साहेबांचा अनुभव मोठा होता आणि त्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नव्हते. धरणाच्या पाण्याकडच्या उतारावर दगडांचे अश्मपटल घालतात, वारा कितीही सुटला तरी त्यामागची माती टिकते. मग समुद्राला हेच का लागू नये? त्यांना माझे उत्तर असे होते की जलाशयावर वाऱ्याला पाण्यावरून धावायला काही किलोमीटर मिळतात, त्यामुळे लाट लहान आणि आखूड असते. पावसाळ्यात कोकणावर येणाऱ्या लाटांमागे मात्र सारा अरबी समुद्र असतो, आणि एका लाटेत पाण्याचा जो लोंढा चढतो-उतरतो तो जलाशयावरच्या लाटेशी तुलना करण्यासारखा नसतो. दुसरे, आणि महत्त्वाचे : धरणावर अश्मपटलाने आपण जे राखतो तो मातीचा भराव, आणि तो हलू नये हीच अपेक्षा असते. पुळणीचे संरक्षण तिच्या हलण्यातच आहे. भिंत घातली की लाट उतारावर विरून न जाता आपटून उलटते आणि पायथ्याची वाळू उकरते. भिंतीमागची जमीन काही काळ वाचते, पण भिंतीपुढची पुळण खाली बसत जाते. शिवाय टेकडीतली वाळू दगडांमागे कोंडली जाते आणि उधाणाच्या दिवसांत पुळणीला मिळणारी उसनवारी बंद होते. भिंत जेथे संपते तेथे लाट वळून शेजारच्या उघड्या वाळूत घुसते. उत्तर कोपऱ्यातले सात मीटर याच जागचे होते.

यावर संत्रा-बागायतदारांनी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो : ‘सर, म्हणजे त्यांच्या भिंतीमुळं आपलं जातंय, अन्‌ आपण भिंत बांधली का आपल्या पलीकडच्याचं जाईल?’ दक्षिणेकडे मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची घरे आणि होड्या ओढून ठेवण्याची जागा होती. हा मुद्दा तोवर कोणी काढला नव्हता, मीसुद्धा नाही.

दगडांच्या प्रकाराचीही चर्चा झाली. ठेकेदाराने जवळच्या खाणीतला जांभा सुचवला होता, कारण तो स्वस्त पडतो. जांभा सच्छिद्र आणि काळ्या दगडापेक्षा हलका. उधाणाच्या लाटेत तो जागेवर राहण्याची खात्री नाही.

लेखापालांनी आणलेला कागद मात्र सगळ्यांना अनपेक्षित होता. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना पहिल्यांदा १९९१ मध्ये निघाली, नंतर २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने. त्यांतल्या ग्रामीण किनाऱ्याच्या तरतुदी पाहिल्या तर, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या गावांना २०१९ मध्ये भरतीरेषेपासून ५० मीटरांपर्यंत सवलत मिळाली. बाकीच्यांसाठी २०० मीटरांचा ना-विकास पट्टा कायम राहिला. हे गाव बाकीच्यांतले. वाडीची खोली सव्वाशे मीटर, म्हणजे सगळी वाडी त्या पट्ट्यात. नवी पक्की घरे होणार नव्हती. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती जोते न वाढवता करता येण्यासारखी होती. वाळूच्या टेकड्या तर सर्वांत संवेदनशील वर्गात मोडतात, आणि धूपप्रतिबंधक कामालाही परवानगी लागतेच. खरेदी करून देणाऱ्या मध्यस्थाने यातले काही सांगितले नव्हते आणि गटाने विचारलेही नव्हते.

राहिलेल्या पर्यायांवर वेळ कमी गेला. वाडी विकून टाकावी, असे डॉक्टरांचे मत होते. २०१९ च्या डिसेंबरात ती छायाचित्रे पाहून गिऱ्हाईक मिळाले नसते, म्हणून ते मागे पडले. शेजाऱ्यांच्या बंधाऱ्यावर हरकत घ्यावी, असे लेखापाल म्हणाले. शेजारधर्म नको तुटायला, म्हणून तेही टाळले गेले.

निर्णय

भिंतीला नकार एकमताने झाला नाही. अभियंता साहेबांनी आपला विरोध नोंदवायला सांगितले आणि एक अट घातली, जी मला बैठकीतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटली : थांबायचे असेल तर कशासाठी आणि कुठवर थांबायचे हे आकड्यात लिहा. त्यानुसार ठरले की टेकडीचा पायथा निदान एक पूर्ण वर्ष, पावसाळा धरून, मोजायचा. तो घरापासून साठ मीटरांच्या आत आला तर पुन्हा बसायचे आणि त्या वेळी घर मागे हलवण्याचा विचार भिंतीच्या आधी करायचा. चार नव्या घरांचा बेत रद्द झाला.

कृती

मोजणीसाठी महागडे यंत्र घेतले नाही. के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली दोन काठ्यांची साधी पद्धत वापरली. सारख्या लांबीच्या, खुणा केलेल्या दोन काठ्या ठरावीक अंतरावर उभ्या धरायच्या आणि एका काठीवरून क्षितिजाकडे पाहून दुसरीवरची खूण वाचायची. दोन टोकांमधला चढ-उतार कळतो. घराच्या जोत्यावर लाल रंगाचे तीन ठिपके दिले, त्यांतून समुद्राकडे तीन रेषा आखल्या, आणि दर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला त्या रेषांवर मोजायचे ठरवले. अण्णा आणि त्यांची नात हे काम करू लागले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, नागपूरहून कोणी जाऊ शकेना, तरी महिन्यातून दोनदा वहीच्या पानाचे छायाचित्र येत राहिले. त्या वहीत आकड्यांशेजारी नातीने स्वतःहून एक रकाना वाढवला होता : ‘आज वेल कुठवर’. पुढे सर्वांत जास्त उपयोग त्या रकान्याचा झाला.

टेकडीवर दोन गोष्टी केल्या. समुद्रावर सरळ उतरणारी पायवाट बंद केली. ती मालकांच्याच पायांनी पडली होती, आणि वादळात पाणी आत शिरले ते याच खिंडीतून. नवी वाट तिरकी काढली. पायथ्याच्या वर नारळाच्या झावळ्यांची गुडघाभर उंचीची कुंपणे उभी केली, म्हणजे वाऱ्याने उडणारी कोरडी वाळू त्यांच्या आडोशाला साठते. पहिल्या पावसानंतर मर्यादवेलीचे तुकडे खोचले, मागे केवडा आणि उंडी लावली. पडलेल्या सुरूच्या जागी पुन्हा सुरू लावले नाहीत. त्यांच्या सुयांचा थर जमिनीवरच्या वेलींना उठू देत नाही आणि कडा खचला की ही झाडे मुळासकट आडवी होतात.

एक चूक मात्र झाली, आणि तिची जबाबदारी माझ्याकडेही येते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ कोकणकिनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले. अमावास्या होऊन चार-पाच दिवस लोटले होते, म्हणून पाणी क्यारच्या वेळेइतके चढले नाही. पण भरलेली पुळण दोन दिवसांत पावसाळ्यासारखी खाली बसली आणि खरा पावसाळा यायला तीन आठवडेच उरले होते. उत्तर कोपऱ्यातले दोन माड तिरके झाले. घाईघाईने सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून तेथे रचल्या. फोनवर विचारले तेव्हा मी ‘तात्पुरते चालेल’ म्हणालो. ऑगस्टपर्यंत उन्हाने आणि लाटांनी गोण्या फाटल्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या पुळणभर पसरल्या आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकल्या. भरलेली वाळू पुळणीवरचीच होती, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलेली. शिवाय ती तशी उचलणे नियमातही बसत नव्हते. सप्टेंबरात गटाने मजूर लावून चिंध्या वेचून घेतल्या आणि अण्णांनी मच्छीमारांच्या घरी जाऊन माफी मागितली. ती मागायला खरे तर आम्ही जायला हवे होते.

परिणाम

२०२० च्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे अण्णांच्या हिशेबापेक्षा तीन महिने उशिरा, २०१९ ची बरीचशी वाळू परतली. २०२० आणि २०२२ मध्ये ती दिवाळीनंतर महिनाभरातच आली. चार वर्षांच्या मोजणीत मधल्या आणि दक्षिणेकडच्या रेषांवर टेकडीचा पायथा दर पावसाळ्यात मागे आणि दर उन्हाळ्यात पुढे गेला. निव्वळ माघार दीड-दोन मीटर. झावळ्यांच्या कुंपणांपाशी वाळू हातभर चढली आणि वेलीने ती धरून ठेवली. उत्तरेकडच्या रेषेवर गोष्ट वेगळी आहे. तेथे पायथा आणखी पाच मीटर मागे आला आणि तिरके झालेले दोन्ही माड २०२२ मध्ये गेले. झावळ्या, वेल, केवडा यांपैकी काहीही तेथे टिकले नाही. घर अजून साठ मीटरांच्या अटीपासून दूर आहे.

या आकड्यांवरून समुद्र शांत आहे असा अर्थ काढू नये. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला, त्यात देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भाग झिजत असल्याचे दिसले; २६.९ टक्के भागात भर पडत होती आणि उरलेला साधारण स्थिर होता. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ पासूनच्या अडीच दशकांत वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने चढली आहे. वीसास एक उताराच्या पुळणीवर तेवढ्या चढीने पाण्याची कड नुसत्या भूमितीने वर्षाला सहा-सात सेंटिमीटर आत येते. पायथ्याची चार वर्षांतली दीड-दोन मीटरांची माघार त्याहून बरीच जास्त आहे, आणि तिच्यात वादळे किती, खाडीतला वाळूउपसा किती आणि बंधारा किती हे तीन रेषांच्या मोजणीतून वेगळे काढता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

जमीन मे महिन्यात पाहिली. ती ऑगस्टमधल्या उधाणाच्या दिवशी एकदा पाहायला हवी होती. तलाठ्याकडचा सातबारा आणि मोजणी नकाशा तपासला, पण भरतीरेषा दाखवणारा किनारा व्यवस्थापन आराखडा मागितला नाही. मोजणीची वही २०१७ पासून असती तर शेजाऱ्यांचा बंधारा होण्याआधीची एक पूर्ण वर्षाची नोंद हाती असती, आणि उत्तर कोपऱ्याबद्दल आज जे ठामपणे म्हणता येत नाही ते म्हणता आले असते. मी या एका उणिवेला इतर सगळ्यांपेक्षा जास्त महत्त्व देतो.

शेजाऱ्यांशी २०१८ मध्येच बोलायला हवे होते. दगड पडण्यापूर्वी माणूस ऐकतो. पैसे घातल्यावर आपली भिंत चुकली हे कोणाला ऐकायचे असते? त्या बंधाऱ्याला परवानगी होती का, हे गटाने आजवर विचारलेले नाही. शेजारधर्माचे कारण मला पूर्वी पटत होते, आता तितकेसे पटत नाही, कारण दक्षिणेकडच्या मच्छीमार कुटुंबांशीही शेजारधर्मच होता आणि त्यांना एकाही बैठकीचे निमंत्रण गेले नव्हते. भूशिरापासून भूशिरापर्यंतची पुळण हा एकच वाळूचा हिशेब आहे; त्यातल्या ऐंशी मीटरांचे वेगळे व्यवस्थापन करता येते असे मानणे, हीसुद्धा रेघेचीच सवय. ग्रामपंचायतीमार्फत साऱ्या पुळणीचा विषय महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नेण्याचे पत्र २०२३ मध्ये गेले. ते २०१९ मध्ये जायला काहीच हरकत नव्हती.

अभियंता साहेबांचे मत अजून पूर्ण बदललेले नाही. उत्तर कोपऱ्यापुरता, दोन्ही टोके जमिनीकडे वळवलेला लहान काळ्या दगडाचा बंधारा, रीतसर परवानगी घेऊन, करून पाहावा असे ते म्हणतात. तो केला तर धूप कोपऱ्यातून निघून मधल्या रेषेवर येईल, असे मला वाटते. दरम्यान शेजाऱ्यांनी स्वतःहून निरोप पाठवला आहे की त्यांच्या बंधाऱ्याचे दक्षिणेकडचे दगड खचत आहेत आणि तो गटाच्या हद्दीत वीस मीटर वाढवायला मिळाला तर खर्च ते करतील. गटाने होकार किंवा नकार न देता नातीच्या वहीच्या सगळ्या पानांच्या प्रती त्यांना दिल्या आणि येत्या श्रावणी पौर्णिमेच्या ओहोटीला तिन्ही रेषा एकत्र मोजायला बोलावले आहे. उत्तरेकडची चौथी रेषा त्यांच्याच जोत्यावरून आखावी, अशी अण्णांची सूचना आहे.